उचकीवाल्या डॉक्टरांनी न लिहिलेला निबंध

वैद्यकीय महाविद्यालयात आजारांची वाटणी झाली त्या दिवशी आमचे हे चहाला गेले होते, असं डॉक्टरांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. परत येऊन बघतात तो हृदय गेलं होतं, मेंदू गेला होता, मूत्रपिंडावरून दोघांची झोंबाझोंबी चालली होती आणि टेबलावर एकटी उचकी उरली होती. ती यांनी खिशात घातली आणि घरी आणली.

खरी हकिगत याहून फार निराळी नव्हती. तरुणपणी त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की उचकीवर कोणी फारसं काही लिहिलेलं नाही, तुम्हाला रान मोकळं आहे. रान मोकळं का आहे हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांनी कळलं. उचकी डॉक्टर येण्याआधी थांबते. पाणी प्यायलं की थांबते, दचकवलं की थांबते, काहीच केलं नाही तरी थांबते. जो आजार आपण होऊन चालता होतो त्याच्यावर नाव कोण कमावणार?

पण काहींची थांबत नाही. शस्त्रक्रियेनंतर महिनामहिना उचकणारे असतात, मूत्रपिंड थकलेले असतात, पोटात काही भलतंच वाढत असलेले असतात, आणि काहीच कारण नसलेले असतात. ही माणसं तळमजल्यावरच्या लांब मार्गिकेच्या टोकाशी येत. तिथे क्ष-किरण विभाग आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्यांची कोठी यांच्यामध्ये डॉक्टरांची खोली होती. एक पलंग, एक स्टूल, छातीभोवती बांधायचा रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या ताणावर कागदावर रेघ काढणारं एक जुनं यंत्र. माणूस श्वास घेई तशी रेघ सावकाश चढे, उतरे, आणि मधेच कोणी आतून दार आपटावं तशी उसळे. डॉक्टर उभा जन्म ती रेघ बघत आले होते. आत कोण राहतं आणि ते दार का आपटतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्यांना स्वतःला मात्र उचकी लागत नसे. लहानपणी लागली असली तर ठाऊक नाही, पण मोठेपणी कधी नाही.

"लागेल कशी?" बायको म्हणे. "कोणी आठवण काढली तर लागेल ना!"

हा टोमणा वरून दिसतो तेवढा साधा नव्हता. संशोधकांच्या जगात आठवण काढण्याची एक ठरलेली रीत आहे. निबंध लिहून झाला की शेवटी संदर्भांची यादी द्यायची, की हे अमुक आधी म्हणून गेले आहेत, हे तमुक करून गेले आहेत. कोणाचं नाव किती याद्यांत आलं ते मोजतात आणि त्यावरून माणसाचं वजन ठरतं. डॉक्टरांचे सगळ्या नोकरीत चौदा निबंध छापून आले होते. त्यांतल्या बहुतेकांची आठवण एकट्या डॉक्टरांनीच काढली होती, आपल्याच पुढच्या निबंधात. बायकोला हे सगळं त्यांनी लग्नानंतर लगेच समजावून सांगितलं होतं, आणि तिला ते एका झटक्यात समजलं, तिथेच चूक झाली.

डॉक्टरांचा सगळ्यात जुना रोगी म्हणजे रुग्णालयाच्या मागच्या गल्लीतले टेलरमास्तर. एका कोटाला अस्तर लावताना त्यांना उचकी लागली होती. त्या कोटाचं गिऱ्हाईक म्हातारं होऊन वारलं, उचकी तशीच होती. टेलरमास्तर दोन उचक्यांच्या मधल्या जागेत कापड कापत. कात्री पुढे जाई, थांबे, उचकी होऊन जाई, कात्री पुन्हा चाले. शिलाई अशी येई की नवखा माणूस विचारी, हा कारागीर इतका विचार कसला करतो? दिवसाचं एकवेळ निभत होतं. रात्री मात्र डोळा लागला की दार आपटायचं आणि ते उठून बसायचे.

ते दर मंगळवारी दुपारी डॉक्टरांकडे येत. बरं व्हायला नाही, ती आशा दोघांनीही सोडली होती. पण त्या पलंगावर आडवं होऊन छातीला पट्टा बांधला आणि रेघ निघू लागली की हळूहळू उचक्यांमधली जागा वाढे, आणि टेलरमास्तरांना तासभर गाढ झोप लागे. आठवड्यातली ती एवढीच सलग झोप. असं का व्हावं हे डॉक्टरांना कळलेलं नव्हतं. त्यांनी त्यावर पंधरावा निबंध लिहिला होता. तो जिथे पाठवला तिथून परत आला, कारण एक माणूस झोपला हा काही पुरावा नव्हे.

मग नवा नियम आला. डीन त्वचारोगाचे होते, वयाने डॉक्टरांपेक्षा लहान, खुर्चीने मोठे. त्यांनी जाहीर केलं की इथून पुढे खोल्या वजनाप्रमाणे. ज्याची जगात जास्त आठवण निघते त्याला मोठी जागा, ज्याची निघत नाही त्याने किल्ली आणून द्यावी. उचकीची खोली लेझर यंत्राच्या रिकाम्या खोक्यांसाठी हवी आहे ही बातमी शिपायापासून सगळ्यांना आधीच ठाऊक होती.

डॉक्टरांनी टेलरमास्तरांना सांगून टाकलं की पुढच्या मंगळवारपासून खोली नसेल. मास्तर पलंगावर बसून बुटाचे बंद बांधत होते. त्यांनी एक उचकी जाऊ दिली.

"मग मी झोपायचं कुठे, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर यंत्रावरचा कागद गुंडाळत राहिले.

सभेच्या दिवशी ते किल्ली खिशात घालूनच गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले, म्हणजे देऊन लगेच निघता येईल. पडद्यावर नावं आणि वजनं झळकली. डॉक्टरांनी सवयीने खालून वाचायला सुरुवात केली. खाली आपलं नाव नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला आधीच काढून टाकलंय. तेवढ्यात टाळ्या वाजू लागल्या आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नाव सगळ्यात वर होतं.

"छुपे रुस्तम निघालात, डॉक्टर," डीन म्हणाले.

चौदा निबंधांचं वजन होतं तेवढंच होतं, चिमूटभर. पण पंधराव्या ओळीत 'उचकी: एक पुनर्विचार' नावाचा एक निबंध होता आणि त्याची आठवण चारशे जणांनी काढली होती. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांना सांगायचं होतं की असा निबंध आपण लिहिलेला नाही. ते उभे राहिलेले पाहून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात उचकीच्या खोलीला पितळी पाटी आली, खिडकीला पडदा आला, दुसरा पलंग आला आणि दोन पट्ट्यांचं एक चकचकीत नवं यंत्र आलं. टेलरमास्तर मंगळवारी आले, पडद्याचं कापड बोटांत धरून पाहिलं, शिवण वाईट आहे म्हणाले आणि झोपले.

डॉक्टरांना मात्र झोप येईना. ते लायब्ररीच्या बाईंकडे गेले. या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या आणि महाविद्यालयात नवं पुस्तक उघडून बघणाऱ्या बहुधा एकट्याच होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि उलट्या दिशेने माग काढायला घेतला: याने कोणाचं पाहून लिहिलं, त्याने कोणाचं, त्याच्या आधी कोण. आठ दिवसांनी त्यांनी डॉक्टरांना बोलावून एक कागद दाखवला.

दूर कुठल्या तरी देशातल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने लेखकांसाठी सूचना छापल्या होत्या, की संदर्भ असा लिहावा: आधी आडनाव, मग शीर्षक, मग वर्ष. खाली एक नमुना दिला होता. नमुन्यात डॉक्टरांचं आडनाव होतं आणि 'उचकी: एक पुनर्विचार' हे बनवलेलं शीर्षक. डॉक्टरांना आठवलं. फार वर्षांपूर्वी त्यांनी याच नियतकालिकाला एक निबंध पाठवला होता. संपादकांनी निबंध परत केला होता आणि नाव ठेवून घेतलं होतं.

पुढचं बाईंनीच उलगडून सांगितलं. कोणा एका लेखकाने घाईत आपली यादी त्या नमुन्याच्या डोक्यावर लिहिली आणि नमुना खोडायचा विसरला. दुसऱ्याने पहिल्याची यादी उतरवून घेतली, कारण यादी कोणी वाचत नाही, उतरवूनच घेतात. तिसऱ्याने दुसऱ्याची. मेंढरं एकामागून एक त्याच खड्ड्यात. आता यादीत नाव आलं की मजकुरात कुठेतरी त्याचा उल्लेख हवा, म्हणून ज्याने त्याने आपल्या एखाद्या पोरक्या वाक्याला ते चिकटवून दिलं. जे म्हणावंसं वाटतं पण सिद्ध करता येत नाही, ते सगळं डॉक्टरांनी सिद्ध करून ठेवलं होतं.

"तुम्ही फार काम केलंत हो," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टर तसेच डीनकडे गेले. त्यांनी सगळी हकिगत सांगितली, नमुन्याचा कागद पुढे ठेवला. डीननी तो पाहिला, परत सरकवला, आणि खणातून खाजेवरचा आपला एक निबंध काढून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथेही तो होताच.

"विनय चांगला, डॉक्टर, पण त्याला काही माप? मी न वाचता संदर्भ देत नाही."

"मग काय लिहिलं होतं त्यात, सर?"

"ते आता कसं आठवणार? पण चांगला होता."

चारशे माणसांनी वाचलेला निबंध एक माणूस नाही म्हणतो म्हणून नाहीसा होत नाही, असं डीनचं म्हणणं पडलं. लिहिणारा विसरू शकतो, वय झालं की विसरतोच. त्यांना एकच अडचण दिसत होती. लवकरच महाविद्यालयाची तपासणी होती, आणि प्रवेशदारात तो निबंध चौकटीत लावायचा त्यांचा बेत होता. प्रत सापडत नव्हती. प्रत नसेल तर तपासणीवाले ते वजन काढून टाकतील. वजन गेलं की खोली गेली, मग माझ्या हातात काही नाही, असं ते दोन्ही हात वर करून म्हणाले.

डॉक्टर घरी आले तेव्हा बायको वाळलेले कपडे घड्या करून ठेवत होती. त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. ती हसली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. तिने उशीच्या अभ्र्याची घडी हाताने दाबली.

"मग लिहा की आता. बारसं आधी होऊन बसलंय, पोर तरी येऊ दे."

डॉक्टरांना रात्रभर विचार करून यात खोटं काही सापडेना. कोणी मागेपर्यंत निबंध खरा झाला तर तो आधी खोटा होता असं कोण म्हणणार? पण त्यात लिहायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते चारशे लोकांना ठाऊक होतं. तेव्हा डॉक्टर आणि लायब्ररीच्या बाई समोरासमोर बसून, आपल्या निबंधात काय आहे हे दुसऱ्यांच्या निबंधांतून शोधू लागले.

बरंच काही होतं. उचकी पुरुषांना जास्त लागते असं त्यात दाखवलं होतं, आणि बायकांना जास्त लागते असंही. टक्कल पडणाऱ्यांच्या उचकीचा वेगळा विचार होता. मांजरं तपासली होती. जन्माआधीच्या बाळाची उचकी म्हणजे श्वासाची तालीम, असं एक फार सुंदर वाक्य होतं. वाचता वाचता डॉक्टरांना त्या लेखकाबद्दल आदर वाटू लागला, मग थोडा हेवा. हा माणूस त्यांच्याच नावाने जगला होता आणि कशालाही बिचकला नव्हता. आपण मांजराला हात लावला नाही, याची त्यांना खंत वाटली.

एका ठिकाणी ते थांबले. कोणीतरी लिहिलं होतं: दोन उचकणारी माणसं एका खोलीत असली की काही वेळाने त्यांच्या उचक्या एकाच तालात पडतात, पाहा 'एक पुनर्विचार'. हे तपासून बघण्यासारखं होतं. हे आपल्याला कधीच कसं सुचलं नाही? मग लक्षात आलं, आपल्याकडे पलंगच एक होता. दुसरा या निबंधाने आणून दिला.

दुसरा माणूसही मिळाला. पित्ताशय काढल्यापासून उचकणारा एक बस-ड्रायव्हर होता. प्रवाशांनी तक्रार केल्यामुळे त्याला गाडीवरून उतरवून आगारात बसवलं होतं. मंगळवारी तो दुसऱ्या पलंगावर आडवा झालेला पाहून टेलरमास्तरांच्या कपाळाला आठी पडली. परक्या माणसासमोर मला झोप यायची नाही, असं त्यांनी डॉक्टरांना कानात सांगितलं. ड्रायव्हरने ते ऐकलं आणि छताकडे बघत म्हणाला, मास्तर, मी काय तुमच्या स्वप्नात तिकीट मागायला येणार आहे?

नवं यंत्र दोन रेघा काढू लागलं. पहिला अर्धा तास नुसतं भांडण. दोघंही फणकाऱ्याने उचकत होते. डॉक्टर स्टुलावर बसून वाट बघत होते की आता दोन दारं एकदम आपटतील. ती आपटेनात. हळूहळू जे दिसू लागलं ते पाहून डॉक्टर कागदावर वाकले. वरची रेघ उसळायची तेव्हा खालची दम धरायची. ती झाली की खालची. मग दोघी थोडा वेळ गप्प, जणू आता तुम्ही, नाही, आधी तुम्ही. अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली दोन भली माणसं अंग चोरून एकमेकांना वाट देतात, तशी. मधली जागा वाढत गेली. टेलरमास्तर झोपले, मग ड्रायव्हर झोपला, आणि डॉक्टरांनी उठवलं नसतं तर अंधार पडेपर्यंत झोपले असते.

त्यांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं, इतर रोग्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. तेच. एकाच तालात कोणी पडत नव्हतं. चारशे लोकांनी मान्य केलेलं विधान सपशेल खोटं होतं, आणि जे खरं होतं ते त्याहून फार चांगलं होतं. शिवाय टेलरमास्तर इतकी वर्षं त्या खोलीत का झोपत होते, तेही थोडं उमगल्यासारखं झालं. उचकी नसलेला का होईना, कोणीतरी शेजारी बसून पुढच्या उचकीची वाट बघत होतं.

डॉक्टरांनी जन्मात लिहिला नव्हता असा निबंध लिहिला. शीर्षक 'उचकी: एक पुनर्विचार'. तो त्यांनी त्याच नियतकालिकाला पाठवला आणि उत्तर लवकर आलं. संपादकांनी खेद कळवला होता. याच लेखकाचा याच नावाचा विख्यात निबंध आधीच प्रसिद्ध असल्याने हा स्वीकारता येत नाही. शिवाय यातला निष्कर्ष त्या निबंधाच्या अगदी उलट आहे. लेखकाने आपला मूळ निबंध एकदा काळजीपूर्वक वाचावा. त्या निबंधाला विरोध करणारं लेखन आम्ही आनंदाने छापू, मात्र लेखक दुसरा हवा, स्वतःच स्वतःला खोडून काढण्याची सोय आमच्याकडे नाही.

डॉक्टरांनी हे पत्र उचकीच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. लायब्ररीच्या बाई तिथेच होत्या. दुसरा लेखक तुम्ही व्हाल का, असं त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या की मी आयुष्यात फक्त दंडाच्या नोटिसा लिहिल्या आहेत, त्यांचा संदर्भ अजून कोणी दिलेला नाही. बायकोने सकाळीच नकार दिला होता, नवराबायकोचं भांडण छापून आलं म्हणतील. टेलरमास्तरांनी पट्ट्याचा बंद सोडला.

"उचकी माझी आहे ना? मग घाला माझं नाव."

ते थट्टा करत नव्हते. डॉक्टरांनी यंत्रावरच्या कागदाकडे पाहिलं. खरंच, अर्धा निबंध तर या माणसाने झोपेत लिहिला होता. उरलेला ड्रायव्हरने. आपण फक्त कागद पुरवला. पहिले लेखक टेलरमास्तर झाले, दुसरा ड्रायव्हर. संस्थेच्या जागी दुकानाच्या पाटीवरचं नाव गेलं, पदाच्या जागी 'मालक व कटर'. शीर्षक ठेवलं: 'एक पुनर्विचार' यावर आक्षेप.

तो जसाच्या तसा छापून आला. संपादकांनी वर चार ओळी जोडल्या होत्या, की प्रस्थापित विद्वानाला इतक्या धीटपणे प्रश्न विचारणारे संशोधक आज दुर्मिळ झाले आहेत.

तपासणीच्या आदल्या दिवशी डीन ते पान फडकवत उचकीच्या खोलीत आले. त्यांना प्रत सापडली नव्हती, पण त्याहून भक्कम गोष्ट सापडली होती.

"जो निबंध नाहीच, तो कोणी खोडून काढेल का?"

तपासणीवाल्यांना हे पटलं. प्रवेशदारातल्या चौकटीत आक्षेपाचं पहिलं पान लागलं, 'एक पुनर्विचार' या शब्दांखाली लाल रेघ मारून. खोली पक्की झाली, तिसरा पलंग आला. आता जो तो वादाची दोन्ही अंगं देऊ लागला, आणि आक्षेपाची आठवण निघे तिथे न लिहिलेल्या निबंधाचीही निघे. खोटा ठरल्यापासून त्याचं वजन दुप्पट झालं.

त्यानंतरच्या मंगळवारी टेलरमास्तर आले तर शिपायाने त्यांना मार्गिकेच्या तोंडाशी अडवलं. वरून हुकूम होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्तर भिंतीला टेकून उभे होते, डोळे तांबारलेले, आणि आत तीन पलंग रिकामे होते. डॉक्टर तसेच जिना चढून डीनकडे गेले. डीन म्हणाले, डॉक्टर, तुमच्यासाठीच केलंय. आमच्या माणसाला साऱ्या जगासमोर खोटं पाडायचं आणि आमच्याच पलंगावर येऊन लोळायचं, असं कसं चालेल? संस्थेला काही अब्रू आहे की नाही?

"सर, तो आक्षेप मी लिहिलाय," डॉक्टर म्हणाले.

डीन खुर्चीतून उठले आणि त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरोखरच माया होती.

"डॉक्टर, जो तुम्ही लिहिलात तो म्हणता मी लिहिला नाही, आणि जो लिहिला नाहीत तो म्हणता मी लिहिला. थोडे दिवस रजा घ्या."

डॉक्टरांनी रजा घेतली. जाताना कोठीत टाकलेलं जुनं यंत्र आणि एक रबरी पट्टा त्यांनी काखेत मारला. कोणी हटकलं नाही, ते यंत्र कोणाच्याच यादीत नव्हतं. मागच्या गल्लीत टेलरमास्तरांनी कापड कापायचं लांब टेबल रिकामं केलं, अर्ध्या शिवलेल्या कोटाची उशी केली आणि आडवे झाले. ड्रायव्हर आगारातून आला होता. तो गिऱ्हाइकांच्या बाकावर कलंडला. डॉक्टर शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसले, आणि त्यांना भीती वाटू लागली. इथे मास्तर कधी झोपलेले नव्हते. ती झोप खोलीची असली तर? रेघ चढली, उतरली, उसळली. बाकावरून ड्रायव्हरची उचकी आली. मग मास्तरांची. मग बराच वेळ काहीच नाही. मग ड्रायव्हरची, लांबून आल्यासारखी. टेबलावरचा हात सैल झाला आणि त्यातला खडू खाली पडला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं. डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाइकाने आत डोकावून पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, त्या मोठ्या उचकीवाल्या डॉक्टरला खोटं पाडलं ते हेच का? डॉक्टरांनी मान हलवली.

"बरं केलं. आणि तुम्ही कोण?"

"मी यांच्याकडे असतो," डॉक्टर म्हणाले.

गिऱ्हाईक कोटाचं विचारायला संध्याकाळी येतो म्हणून चवड्यांवर निघून गेलं. डॉक्टर पुन्हा कागदाकडे वळले, आणि त्यांच्या छातीत काहीतरी आपटलं. इतक्या जोरात, की दोन्ही हातांनी त्यांनी तोंड दाबलं. मास्तर जागे होणार, अशा धास्तीने त्यांनी यंत्राकडे पाहिलं. रेघ उसळायच्या बेतात होती. ती जिथल्या तिथे थांबली, तिने डॉक्टरांचं होऊ दिलं, आणि मग सावकाश पुढे निघाली.